देणगीदाराची तक्रार आली की काय करायचं: लहान संस्थांसाठी पायरीपायरीने

तिसरा फोन आला तेव्हा गुरुजी नुकतेच घाटावरून घरी परतले होते. त्या दिवशी त्यांच्या पत्नीचं दहावं होतं. फोनवरच्या मुलीने बाईंचं नाव घेऊन विचारलं, "मॅडम आहेत का? यंदाची देणगी राहिलीय." आधीच्या दोन्ही फोनवर गुरुजींनी त्या वारल्याचं सांगितलं होतं. तरी तिसरा आला.

पुढच्या आठवड्यात ते संस्थेच्या कार्यालयात आले. हातात प्लास्टिकची पिशवी होती. मुलींच्या वसतिगृहासाठी बाईंनी अकरा वर्षं दिलेल्या देणग्यांच्या पावत्या तिच्यात होत्या, वर्षाच्या क्रमाने, रबरबँड लावून. देणग्यांचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "फोन आम्ही करत नाही, एजन्सी करते." गुरुजींनी पावत्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "यातल्या कुठल्या पावतीवर एजन्सीचं नाव आहे, तेवढं दाखवा."

चूक कुठे झाली ते शोधायला एक दुपार लागली. फोन करणाऱ्या मुलीसमोरच्या तक्त्यात तीनच रकाने होते: देणार, नाही, नंतर फोन करा. देणगीदार वारला हे लिहायला जागाच नव्हती. 'नाही' लिहिलं तर तिच्या दिवसाच्या आकड्यात घट दिसायची, म्हणून तिने दोन्ही वेळा 'नंतर फोन करा' वर खूण केली होती. मुलगी वाईट नव्हती, तक्ता वाईट होता. तो आम्ही मंजूर केला होता.

पुढे जे लिहितोय ते दोन-चार कर्मचारी, एक विश्वस्त मंडळ आणि एक सीए एवढ्यावर चालणाऱ्या संस्थांसाठी आहे. त्यांच्याकडे तक्रार निवारण विभाग नसतो. एक फोन असतो आणि तो जो उचलेल तोच विभाग.

तक्रार येण्याआधी

तक्रार कुठे करायची हे देणगीदाराला शोधावं लागू नये. पावतीच्या खालच्या कडेला एक ओळ छापा: "पावती, संपर्क किंवा देणगीच्या वापराबद्दल काही सांगायचं असल्यास या क्रमांकावर कळवा." क्रमांक संस्थेचा असावा, कार्यवाहांचा खासगी नव्हे. कार्यवाह बदलतात, आणि जुन्या कार्यवाहांच्या फोनमध्ये अडकलेल्या तक्रारी पुढच्या माणसाला कधीच दिसत नाहीत.

दुसरं, एक वही घाला. संगणकावरचा तक्ता चालेल, पण माझा अनुभव असा की आवक-जावक रजिस्टरशेजारी ठेवलेली जाड बांधणीची वही जास्त नियमाने भरली जाते. रकाने एवढेच: अनुक्रमांक, तारीख, नाव आणि फोन, पावती क्रमांक, तक्रार देणगीदाराच्याच शब्दांत, कोणाकडे सोपवली, काय आढळलं, काय केलं, उत्तर कधी गेलं. "देणगीदाराच्याच शब्दांत" यावर माझा भर आहे. गुरुजी म्हणाले होते, "माझ्या घरात सुतक असताना तुम्ही पैसे मागितले." वहीत कोणी "कॉलबाबत नाराजी" असं लिहिलं असतं, तर विश्वस्तांना त्यातलं काहीच कळलं नसतं.

तिसरं, कोणाविरुद्धची तक्रार कोण पाहणार हे आधीच ठरवून ठरावात लिहा. देणगी गोळा करणाऱ्याविरुद्धची तक्रार त्यानेच तपासू नये. तक्रार खजिनदारांबद्दल असेल तर ती दुसऱ्या विश्वस्ताकडे जावी. गावातली संस्था असली की सगळे एकमेकांचे सोयरे निघतात, म्हणून हे शांतपणाच्या दिवसांत ठरवलेलं बरं. तक्रार हातात आल्यावर ठरवायला बसलं की ते कोणावर तरी घेतलेल्या संशयासारखं दिसतं.

मुदतीही ठरवा. आम्ही पोच दोन दिवसांत आणि उत्तर पंधरा दिवसांत असा नेम ठेवला. हा कायद्याचा आकडा नाही, आम्हाला झेपणारा आहे. तुम्हाला एकवीस दिवस लागणार असतील तर एकवीस सांगा आणि ते पाळा.

पहिल्या फोनवर

माणूस चिडलेला असतो तेव्हा त्याला बोलू द्या आणि लिहून घ्या. मध्येच खुलासा करू नका. त्याचं बोलणं संपलं की तुम्ही काय लिहिलं ते त्याला वाचून दाखवा: "मी असं लिहिलंय की १२ तारखेला आमचे कार्यकर्ते घरी आले, पाचशे रुपये घेतले, पावती दिली नाही. बरोबर आहे?" एवढ्याने आवाज बराच खाली येतो, कारण आपलं म्हणणं पोचलं हे त्याला कळतं.

मग तीन गोष्टी सांगा: तक्रारीचा क्रमांक, ती कोण पाहणार, उत्तर कधी मिळणार. आणि एक विचारा: "तुम्हाला यातून काय व्हायला हवंय?" हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. समोरचा पैसे परत मागेल असं वाटतं. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांना पावती हवी होती, फोन बंद व्हायला हवे होते, किंवा कोणीतरी "चुकलं" म्हणायला हवं होतं. गुरुजींनी पैशाचा शब्दही काढला नाही.

चौकशीआधी दोन गोष्टी बोलू नका. "असं होऊच शकत नाही" हे एक. "मी त्या मुलाला उद्याच काढून टाकतो" हे दुसरं. खरं काय घडलं ते दोन्ही वेळा अजून कोणालाच ठाऊक नसतं.

तक्रार कशाची आहे, ते ओळखा

८०-जीच्या, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या आयकर वजावटीच्या, तक्रारी सगळ्यात जास्त येतात, त्याही जून-जुलैत, लोक विवरणपत्र भरायला बसतात तेव्हा. याला बराचसा दोष देणगी मागताना दिलेल्या अर्धवट माहितीचा असतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

आपली साधी पावती वजावटीला पुरत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणग्यांचं विवरण १०-बीडी फॉर्ममध्ये वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यावरून तयार होणारं १०-बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, असा नियम आला. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय दंड. आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोक ८०-जीच म्हणत राहतील, पण पावतीवर आणि पत्रात काय छापायचं हे सीएंकडून एकदा तपासून घ्या.

प्रमाणपत्र न मिळाल्याची तक्रार आली की आधी पॅन पाहा. एक अक्षर चुकलेलं असतं, किंवा पैसे मुलाच्या खात्यातून आले आणि पावती वडिलांच्या नावे फाडलेली असते. विवरणात दुरुस्ती करता येते. ती करा आणि नवं प्रमाणपत्र पाठवा. "आता वेळ निघून गेली" असं परस्पर सांगून मोकळे होऊ नका.

दुसरा प्रकार असा: "पाच हजार रोख दिले होते, तरी वजावट नाकारली." दोन हजारांहून जास्त रोख देणगीला वजावट मिळतच नाही, वरच्या तीन हजारांनाच नव्हे तर पूर्ण पाच हजारांना. धान्य, कपडे, पंखे अशा वस्तूंच्या देणगीलाही मिळत नाही. ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०-जीची वजावट लागू नाही, आणि हल्ली काही वेगळं निवडलं नाही तर नवीच प्रणाली धरली जाते. हे आपल्या माणसाने देणगी घेताना सांगितलं नसेल, तर तक्रार रास्त आहे. नियम सरकारचा असला तरी माहिती आपण दिली नाही.

सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे "साहेब, दिलेले सगळे पैसे टॅक्समध्ये परत मिळतात." हिशेब करून पाहा. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने दहा हजार दिले, तर वजावट पाच हजारांची आणि वाचलेला कर पंधराशे, वर उपकराचे साठ. दहा हजार परत मिळतील असं सांगून घेतलेली देणगी फसवून घेतलेलीच आहे, असं मी मानतो. असा आरोप आला आणि चौकशीत खरा ठरला, तर देणगीदाराने न मागताही रक्कम परत द्यायची तयारी दाखवावी.

फोन आणि संदेशांच्या तक्रारी त्याखालोखाल. "मला फोन करू नका" असं कोणी म्हणालं की त्यात वाटाघाट नसते. त्याच दिवशी 'संपर्क नको' यादीत नाव घाला आणि ती यादी सगळीकडे पोचली याची खात्री करा: एजन्सी, व्हॉट्सॲपच्या प्रसारण याद्या, दिवाळी शुभेच्छांची यादी, विश्वस्तांच्या खासगी याद्या. नाव पुसून टाकू नका. पुसलं तर पुढच्या वर्षी जुन्या पावत्यांवरून पुन्हा उगवतं. यादीत ठेवायचं आणि शेजारी खूण करायची. "माझा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?" या प्रश्नाला खरं उत्तर द्या. सोसायटीच्या यादीतून किंवा विकत घेतलेल्या यादीतून मिळाला असेल तर तसं सांगा आणि ती यादी वापरणं थांबवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती आणि ती मागे घेण्याचा हक्क हा त्याचा गाभा आहे.

दर महिन्याला खात्यातून आपोआप जाणाऱ्या देणगीची तक्रार तातडीची समजा. माणसाने बंद करायला सांगितलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे गेले, तर त्याला ती चोरी वाटते. देणगीदार स्वतः यूपीआय ॲपमधून किंवा बँकेतून ही परवानगी रद्द करू शकतो. ते कसं करायचं ते फोनवर सोबत राहून सांगा, आणि तुमच्या बाजूनेही बंद करा. बंद झाल्याचा संदेश लेखी पाठवा.

दारावर किंवा सिग्नलपाशी गोळा केलेल्या पैशांबद्दल तक्रार आली की पहिला प्रश्न: तो माणूस आपलाच होता का? पावतीपुस्तकाचा क्रमांक, ओळखपत्र, क्यूआर कोडवर आलेलं नाव विचारा. आपला नसेल आणि आपल्या नावाने पैसे गेले असतील, तर देणगीदाराला लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायला सांगा आणि आपण पोलिसांत लेखी तक्रार द्या. खरा क्यूआर कोणता, खातं कोणत्या नावाचं, हे त्याच दिवशी जाहीर करा. बदनामी होईल म्हणून गप्प बसलात, तर आणखी चार जणांचे पैसे जातात.

"ज्यासाठी दिले त्यासाठी वापरले नाहीत" ही तक्रार संख्येने कमी आणि वजनाने सर्वांत जड. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये. दोन्ही वेळा लोकांनी सढळ हाताने दिलं. पाणी ओसरल्यावर काही संस्थांकडे पैसे शिल्लक राहिले, आणि ते शाळेच्या छपराला किंवा पगाराला वापरावेत असं विश्वस्तांना वाटणं स्वाभाविक होतं. पण आवाहनात 'पूरग्रस्तांसाठी' लिहिलं असेल तर ते पैसे पूरग्रस्तांचेच. यावरचा उपाय आवाहनातच करायचा असतो: "गरज भागून रक्कम उरल्यास ती पुढील आपत्तीतील मदतकार्यासाठी वापरली जाईल." ही ओळ आधी नसेल आणि तक्रार आली असेल, तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात दाखवा, मोठ्या देणगीदारांना पत्राने विचारा, आणि बाकीच्यांसाठी विश्वस्तांचा ठराव जाहीर करा. कायम निधीसाठी लेखी सांगून दिलेली रक्कम चालू खर्चात गेली असेल, तर मात्र सीए आणि वकील यांना बोलावल्याशिवाय उत्तर लिहू नका.

फोटोबद्दलही तक्रारी येतात आणि त्या हसण्यावारी नेल्या जातात. "त्या मुलीचा रडका चेहरा फलकावर का लावलात?" असं विचारणारा देणगीदार आपलं भलंच करतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. फलक उतरवा, समाजमाध्यमांवरचा फोटो काढा, मग चर्चा करा.

चौकशी

कागद आधी, माणसं नंतर. पावतीपुस्तकाची स्थळप्रत काढा. तिच्यावरची रक्कम, खाडाखोड, सही पाहा. बँकेच्या उताऱ्यात ती रक्कम जमा झालेली दिसते का ते पाहा. यूपीआयने आलेली असेल तर देणगीदाराकडून बारा आकडी व्यवहार क्रमांक घ्या. "गेले हो पैसे, माझ्याकडून कापले गेलेत" आणि "आमच्याकडे आलेच नाहीत" हा वाद त्या एका आकड्याने मिटतो. रोख असेल तर ज्या दिवशी घेतली आणि ज्या दिवशी बँकेत भरली त्या दोन तारखा शेजारी लिहा. मध्ये आठ दिवस गेले असतील तर का, हे विचारावंच लागेल.

मग ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी बोला, एकट्याने, दार लावून. कार्यकर्ता उन्हातान्हात फिरलेला असतो. "तुझ्याबद्दल तक्रार आहे" अशी सुरुवात केली की तो पुढचं काहीच खरं सांगत नाही. "१२ तारखेचा दिवस कसा गेला, सांग" असं विचारा. एका मुलाने मला असंच सांगितलं की पावतीपुस्तक दुपारीच संपलं होतं आणि दुसरं द्यायला कार्यालयात कोणी नव्हतं. पाचशे रुपये त्याच्या पाकिटात वेगळे, चिठ्ठी लावून ठेवलेले होते. चूक त्याची होती, आमचीही होती. त्या दिवसापासून दोन पुस्तकं दिल्याशिवाय कोणाला बाहेर पाठवलं नाही.

एजन्सी असेल तर रेकॉर्डिंग मागा आणि स्वतः ऐका. कंत्राटात रेकॉर्डिंग देण्याची अट नसेल तर पुढच्या कंत्राटात घाला. आणि मोबदला पाहा: जमलेल्या रकमेवर टक्केवारी असेल, तर दडपण तिथूनच येतं.

उत्तराचं पत्र

फोनवर सगळं मिटलं तरी लेखी उत्तर पाठवा. छोटं, साधं, विश्वस्ताच्या किंवा कार्यवाहाच्या सहीचं. "आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास दिलगीर आहोत" हे वाक्य मी पत्रांतून काढून टाकलं. दुखावल्या गेल्याच होत्या, त्यात 'असल्यास' कशाला? गुरुजींना गेलेलं पत्र साधारण असं होतं:

"सप्रेम नमस्कार. आपल्या पत्नीच्या निधनाची माहिती आपण दोनदा देऊनही आमच्या वतीने तिसऱ्यांदा फोन आला, तोही दहाव्याच्या दिवशी. ही आमची चूक आहे. फोन करणाऱ्या व्यक्तीकडे ही माहिती लिहिण्याची सोय आम्ही ठेवली नव्हती, म्हणून असं झालं. तो तक्ता आम्ही बदलला आहे. त्यांचं नाव आणि आपला क्रमांक सर्व याद्यांतून वगळला आहे. आपण स्वतः कळवल्याखेरीज संस्थेकडून फोन येणार नाही. आम्ही आपली मनापासून क्षमा मागतो. या उत्तराने समाधान झालं नाही तर संस्थेच्या अध्यक्षांना आपण थेट लिहू शकता."

काय झालं, का झालं, काय केलं, पुढे कुठे दाद मागायची. बाईंनी अकरा वर्षं दिलेल्या देणगीचे आभार त्यात मुद्दाम घातले नाहीत. ते वेगळ्या पत्राने, महिन्याभराने कळवले. माफीच्या पत्रात आभार घातले की पुढची देणगी मागितल्यासारखं वाटतं.

तक्रार चुकीची निघाली तरी उत्तर याच सुरात. "आपण सांगितलेल्या तारखेला आमचे कार्यकर्ते त्या भागात नव्हते, सोबत त्या दिवसाच्या पावत्यांची यादी जोडली आहे." यादीतून बाकीच्या देणगीदारांची नावं, पॅन, फोन मात्र झाका.

पैसे परत मागितले तर

दिलेली देणगी ही विश्वस्त निधी होते. विश्वस्तांना ती आपल्या मर्जीने वाटता येत नाही, परतसुद्धा. म्हणून कारण पाहा. दोनदा गेलेले पैसे, एका शून्याची चूक, बंद करायला सांगूनही कापलेली रक्कम, चुकीची माहिती देऊन घेतलेली देणगी: या सगळ्यांत परत द्या, लवकर द्या, ठरावात कारण लिहा. "आता मन बदललं" असं असेल आणि रक्कम खर्च झाली असेल, तर नम्रपणे नाही म्हणावं लागतं. मधल्या प्रकरणांत वकिलांना विचारा.

परत देताना पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, त्याच मार्गाने. हा नियम कोणासाठीही मोडू नका. "चुकून पन्नास हजार पाठवले, चाळीस या दुसऱ्या नंबरवर परत करा" असा गयावया करणारा फोन फसवणुकीचा असू शकतो. कधी मूळ रक्कम जमाच झालेली नसते, कधी ती चोरलेल्या कार्डावरून आलेली असते. आणि १०-बीडी भरून झालं असेल तर परत दिलेल्या रकमेची दुरुस्ती तिथेही करा.

परदेशातून आलेल्या तक्रारींत एक गोष्ट वारंवार असते: "माझे पैसे का नाकारले?" अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारा आपला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी धरली जाते. मग एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतलं खातं हवं. "नियम आहे" एवढं लिहून पाठवू नका. त्याला परकं म्हटल्यासारखं वाटतं. दोन ओळींत कारण सांगा.

म्हातारे देणगीदार आणि त्यांची मुलं

मुलाचा फोन येतो: "बाबा दर महिन्याला तुम्हाला पैसे पाठवतायत, त्यांच्या लक्षात राहत नाही, तुम्ही फायदा घेताय." ही तक्रार मला सर्वांत अवघड वाटते. बाबा शुद्धीवर, समजून-उमजून देत असतील तर पैसा त्यांचा आहे, आणि मुलाला त्यांच्या देणग्यांचा तपशील सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मुलगा म्हणतो ते खरंही असू शकतं.

मी असं करतो. मुलाचं ऐकून घेतो, तपशील देत नाही, आणि त्या देणगीदाराला पैसे मागणं त्या क्षणापासून थांबवतो. मग नोंदी पाहतो. एकाच आठवड्यात तीनदा दिलेत का? रक्कम अचानक वाढली का? फोनवर तेच तेच विचारतात का? शक्य असेल तर एक वयाने मोठा विश्वस्त घरी जाऊन चहा घेऊन येतो, पावतीपुस्तक न घेता. गोंधळ दिसला तर अलीकडच्या रकमा परत देण्याचा विषय मंडळापुढे ठेवतो. कोणी तक्रार करायची वाट न पाहता, एकाच महिन्यात दुसऱ्यांदा आलेल्या देणगीवर कार्यालयातून फोन जावा: "काका, दोनदा आलेत, मुद्दाम पाठवलेत ना?"

ब्रिटनमध्ये २०१५ साली ब्रिस्टलच्या ९२ वर्षांच्या एका स्वयंसेविकेच्या मृत्यूनंतर तिला धर्मादाय संस्थांकडून किती पत्रं येत होती हे उघड झालं. कुटुंबीयांनी मृत्यूचा दोष त्या पत्रांवर ठेवला नाही, पण देशभर चर्चा झाली आणि पुढच्याच वर्षी निधी संकलनावर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था तिथे सुरू झाली. आपल्याकडे अशी खास संस्था नाही. तेव्हा हे काम त्या एका वहीला करावं लागतं.

तक्रार बाहेर गेली तर

देणगीदार धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली तिथून विश्वस्तांना निर्देश देता येतात (कलम ४१ अ) आणि चौकशीही लावता येते (कलम ४१ ब). नोटीस आली की तुमची वही, पोच, पत्र, ठराव, बँकेचे उतारे तारखेनुसार लावून द्या. हे सगळं आधीच झालेलं असेल तर एक दिवसाचं काम असतं. तक्रारदाराला अब्रुनुकसानीची नोटीस पाठवायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका.

समाजमाध्यमांवर लिहिलं असेल तर तिथे दोनच ओळी: तक्रार मिळाली, या क्रमांकावर बोलू. त्याने किती दिले, कधी दिले, पॅन दिला की नाही, हे चारचौघांत लिहू नका. तुमची बाजू खरी असली तरी नाही. आणि संस्थेच्या दुसऱ्या कार्यकर्त्यांनी खाली येऊन भांडू नये हे त्यांना आधीच सांगा.

नोंद कधी बंद करायची

उत्तर गेलं म्हणून नोंद बंद होत नाही. दुरुस्ती प्रत्यक्षात झाली हे कोणीतरी पाहिल्यावर होते. प्रमाणपत्र पाठवलं असेल तर ते उघडलं का हे विचारा. फोन बंद केले असतील तर पुढची मोहीम झाल्यावर त्या क्रमांकावर फोन गेला नाही ना, हे एजन्सीच्या यादीत तपासा. मगच शेवटच्या रकान्यात तारीख घाला.

वही दर विश्वस्त सभेत टेबलावर असावी आणि इतिवृत्तात एक ओळ यावी: किती आल्या, किती बंद झाल्या, काय बदललं. तक्रार शून्य असेल तर पावतीवरचा क्रमांक लागतो का, हे सभेतूनच फोन लावून पाहा. आमचा एकदा चार महिने बंद होता.

मार्चमध्ये देणग्यांची धावपळ सुरू होते. त्याआधी फेब्रुवारीत आम्ही एक दिवस काढतो. 'संपर्क नको' ची यादी आणि एजन्सीला जाणारी यादी शेजारी ठेवून दोघं जण मोठ्याने वाचतात, एक नाव, एक क्रमांक. तक्त्यात आता पाच रकाने आहेत. चौथा 'फोन नको'. पाचव्यात 'निधन' असं लिहिलेलं आहे, आणि त्यावर खूण झाली की तो क्रमांक त्याच संध्याकाळी माझ्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहितो, हाताने.